टॅलिस डोंगरासाठी बी

३ मार्च १९५२, सोमवार

ईडीने नाताळात दिलेली ही वही आज उघडली. 'बायकोपाशी बोलत नाहीस, निदान कागदापाशी तरी बोल,' असं म्हणून दिली होती. बोलण्यासारखं आज आहे.

टॅलिस डोंगर चढून पाहिला. वणवा विझून आठवडा झाला, तरी बुटांच्या तळव्यांना जमीन गरम लागते. सगळी पोरं गेली. पोरं म्हणजे डोंगरी अ‍ॅशची झाडं, एकोणचाळीसच्या मोठ्या वणव्यानंतर उगवलेली. तेरा वर्षांची, साठ-सत्तर फूट उंच, सरळ भाल्यासारखी. दुसऱ्या निलगिरी जळल्या तरी बुंध्यातून फुटतात. ही फुटत नाही. आगीने एकदा मेली की मेली, मागे फक्त बी ठेवून जाते. आणि वीस वर्षांची होईपर्यंत हिला बी धरत नाही.

म्हणजे यंदा या डोंगरावर आपण होऊन काहीही उगवणार नाही.

रेंजर मिस्टर हॅलोरन म्हणाले, "क्लेम, बी आपल्यालाच आणून पेरावं लागेल. नाहीतर दोन वर्षांत नेचा आणि बाभूळ सगळा डोंगर खातील. तुझी टोळी घे. दुसऱ्या कुणावर मी हे सोपवणार नाही."

एकोणतीस वर्षं या जंगलात काढली, त्याचं चीज झाल्यासारखं वाटलं.

९ मार्च, रविवार

टोळीत चौघं. मी; झाडावर चढणारा मर्व; त्याचा चुलतभाऊ; आणि निर्वासितांच्या छावणीतून दोन वर्षांच्या करारावर पाठवलेला एक लाटवियाचा माणूस. नाव आर्विद स्ट्राउटमानिस. मर्वने पहिल्याच दिवशी ते 'स्ट्रॉ' करून टाकलं. माणूस दिसतोही काडीसारखाच. चाळिशीचा असेल. चहा उकळणं, कुऱ्हाडींना धार लावणं हे त्याचं काम. धार उत्तम लावतो, चहा मात्र गढूळ करतो.

आज तो चर्चच्या दाराशी एकटाच उभा होता, म्हणून ईडीने त्याला जेवायला बोलावलं. मटण होतं. जेवताना कळलं की तिकडे तो वनशाळेत वनस्पती शिकवायचा. मी म्हटलं, "इथे झाडं वेगळी आहेत, गड्या." तो म्हणाला, "होय, मिस्टर वॉरड्रॉप. म्हणूनच मी पहिलीपासून पुन्हा सुरुवात करत आहे." बोलतो असा, छापलेल्या पुस्तकासारखा. ईडी हसली.

२३ मार्च, रविवार

स्ट्रॉ आता दर रविवारी येतो. ईडी त्याला इंग्रजी लिहायला शिकवते. लग्नाआधी ती शाळेत शिकवायची. लग्न झालं की बाईने शाळा सोडायची हा नियम, म्हणून सोडली. कपाटावरची खडूची पेटी तिने खाली काढली. ती अजून घरात आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

तो तिला पानं आणून देतो आणि त्यांची चित्रं काढून दाखवतो. ती त्याला शब्द देते, तो तिला झाडाचे अवयव. पेन्सिल बारीक चालते त्याची. पानाच्या शिरा मोजून घ्याव्यात इतकी. आज ती मला म्हणाली, "क्लेम, निलगिरीच्या पानाचा तळ तिरका असतो, एक बाजू दुसरीपेक्षा खाली उतरते, हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस," मी म्हटलं.

त्या शिकवणीला माझी हरकत नाही. फक्त चहा पाचला मिळायचा तो साडेसहाला मिळतो.

१५ एप्रिल, मंगळवार

कामाला लागलो. बियांची बोंडं पिकली आहेत. मिस्टर हॅलोरननी सांगितलेली झाडं खोल घळीत आहेत, खाली, ओढ्याच्या काठाला. पण तिकडची वाट पडलेल्या ओंडक्यांनी बंद आहे. दोन मैल पायी जायचं, आणि पोती पाठीवर घेऊन चढून यायचं.

मी वर खिंडीतली झाडं निवडली. रस्त्याला लागूनच आहेत. दोनशे फुटांवर गेलेली असतील; डोकी धुक्यात होती, पण खाली बोंडांचा सडा पडला होता. ट्रक थेट बुंध्यापर्यंत जातो. माझ्या दुखऱ्या गुडघ्याचा त्यात काही संबंध नाही. वेळ वाचतो, एवढंच.

१६ एप्रिल, बुधवार

आज एक प्रकार झाला.

खिंडीत धुकं होतं. चाळीस फुटांच्या वर काही दिसत नव्हतं. मर्व दोरावरून वर चढून फांद्या कापत होता, आम्ही खाली बोंडं खुडून पोत्यात भरत होतो. स्ट्रॉ खुडता खुडता थांबला आणि एक डहाळी हातात घेऊन बसला.

मी म्हटलं, "काय रे, प्रार्थना चालली आहे का?"

तो उठून जवळ आला. "मिस्टर वॉरड्रॉप, क्षमा करा. ही डोंगरी अ‍ॅश नसावी."

मर्वचा चुलतभाऊ फिदीफिदी हसला.

स्ट्रॉने डहाळी पुढे केली. "डोंगरी अ‍ॅशला पानाच्या बगलेतून कळ्यांचे दोन झुबके येतात, जोडीने. हे मी खालच्या झाडांवर पाहिले आहे, प्रत्येक वेळी दोन. इथे बगलेत एकच झुबका आहे. बोंडही मोठे आहे. मला वाटते ही दुसरी आहे. जिला तुम्ही लोकरबुंधी म्हणता ती."

लोकरबुंधी वर थंडीत वाढते. अंगलटीने अ‍ॅशसारखीच, पण जाड, लोकरीसारखी साल निम्म्या झाडापर्यंत चढलेली असते. अ‍ॅशची साल बुंध्याशी खरबरीत, मग वर सगळं गुळगुळीत, पांढुरकं, सालीच्या लांब पट्ट्या लोंबणारं. हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण वर पाहायला धुक्यात दिसत काय होतं?

"जुन्या झाडाची बोंडं मोठीच होतात," मी म्हटलं.

"आणि कळ्या?"

"कळ्या पाखरं खातात."

"सगळ्या डहाळ्यांवरच्या? आणि प्रत्येक जोडीतला एकच?"

हे तो उर्मटपणे बोलला नाही. उर्मटपणे बोलला असता तर बरं झालं असतं. मी त्याच्या हातातली डहाळी घेतली आणि झाडीत भिरकावली. म्हटलं, "हे बघ, प्राध्यापक. तू तिकडे पाइनच्या सुया मोजत होतास ना, तेव्हापासून मी ही झाडं तोडतोय. तुझं काम चहाचं आहे. तो तरी नीट कर."

मर्व वरून ओरडला, "क्लेम, त्याला साखर किती ते विचार!" सगळे हसले. स्ट्रॉसुद्धा जरासा हसला, नि पुन्हा खुडायला बसला.

मर्वने वरची साल पाहिली असेल, पण मुकादमाने दाखवलेलं झाड तो कधी नाकारत नाही. रात्री वाटलं, उद्या दुर्बीण नेऊन वर पाहावं. मग वाटलं, दुर्बीण काढताना सगळ्यांना दिसेल.

१७ एप्रिल, गुरुवार

सोळा पोती झाली. दुर्बीण नेली नाही. ऊन पडलं होतं, पण मी दिवसभर ट्रकपाशीच काम काढलं. पोत्यांना चिठ्ठ्या बांधल्या: डोंगरी अ‍ॅश, टॅलिससाठी. खाली माझी सही.

२० एप्रिल, रविवार

स्ट्रॉ येऊन गेला. दोघं स्वयंपाकघरात बराच वेळ कसल्याशा पत्रावर बसली होती. ईडीने मला बोलावून दाखवलं. "बघ ना, किती सुधारलाय. अख्ख्या पानात दोनच चुका." तिचा चेहरा असा फुलला होता, की मी आधी तिच्याकडेच पाहिलं आणि मग पत्राकडे.

पत्र मिस्टर हॅलोरनना होतं. माझ्याविरुद्ध त्यात एक अक्षर नव्हतं. 'मिस्टर वॉरड्रॉप यांचा अनुभव मोठा आहे व माझी चूक असणे शक्य आहे' असंही लिहिलं होतं. पुढे कळ्यांचं, बोंडाचं. आणि हे: लोकरबुंधीचं बी थंडी खाल्ल्याशिवाय उगवत नाही असं वाटतं, आमच्याकडेही काही झाडांचं असंच असतं, तेव्हा पेरणी जूनमध्ये इथला हिवाळा लागण्याआधी व्हावी, नाहीतर बी ओल्या वाळूत घालून बर्फाच्या पेटीत ठेवावं. सोबत दोन चित्रं. एका बगलेत दोन झुबके, एका बगलेत एक.

ईडीने त्याला विचारलं, "हे खिंडीतल्या झाडांबद्दल आहे?" तो म्हणाला, "होय. मी मिस्टर वॉरड्रॉपना आधी सांगितले आहे. त्यांच्या पाठीमागे काही करावयाचे नाही, म्हणून पत्र इथे लिहिले."

मी म्हटलं, "आण. उद्या मीच ऑफिसात जातोय. देतो."

त्याने दोन्ही हातांनी दिलं.

२८ एप्रिल, सोमवार

पत्र माझ्या कोटाच्या खिशात आहे. योग्य वेळ पाहून देईन. मिस्टर हॅलोरन सध्या कामाच्या गर्दीत आहेत.

खालच्या खोऱ्यातल्या लाकूड गिरणीला माणसं कमी पडताहेत. स्ट्रॉचं नाव मीच सुचवलं. बी गोळा करण्याचं काम संपलं, आता त्याला इथे काय करायचं होतं? गिरणीत राहायला पक्की खोली आहे. त्याच्याच भल्याचं.

ईडीला सांगितलं. ती खडूची पेटी पुसत होती. "रविवारी येऊ शकेल का तिथून?" तिने विचारलं.

"एकोणीस मैल आहेत."

"म्हणजे नाही," ती म्हणाली आणि पेटी कपाटावर ठेवली. मी ठेवून देतो म्हटलं, तर खुर्चीवर चढून स्वतःच ठेवली.

२ जून, सोमवार

मे महिन्यात पेरणी ठरली होती. पावसाने पूल वाहून गेला. आता वर बर्फ. मिस्टर हॅलोरन म्हणाले, वसंतात पेरू. बी गोदामात कोरडं आहे.

तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलंही. म्हटलं, "पूल दुरुस्त व्हायला सप्टेंबर उजाडेल."

६ ऑक्टोबर, सोमवार

आज पेरणी संपली. बी वाळूत मिसळून मुठीने फेकायचं. इतकं बारीक की पडल्यावर दिसत नाही. सहा माणसं, अकरा दिवस. मेलेल्या पोरांचे पांढरे खांब चहूकडे उभे, आणि आम्ही त्यांच्यामधून ओळीने चालत होतो. मर्वसारखा माणूस, पण तोही शीळ घालत नव्हता.

माणसाच्या हातून एवढं मोठं काम एकदाच होतं. ईडीला म्हटलं, पन्नास वर्षांनी लोक म्हणतील हे जंगल वॉरड्रॉपने पेरलं. ती म्हणाली, "आणि कुणी कुणी?" मी नावं सांगितली. त्यात स्ट्रॉचं नव्हतं, हे तिने बोटांवर मोजून पाहिलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मर्व बातमी घेऊन आला. गिरणीत स्ट्रॉचा हात करवतीत गेला. उजवा. तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

मर्व टोपी हातात घेऊन ओट्यावर उभा होता. "चांगला माणूस होता रे," म्हणाला. मी म्हटलं, "मेला नाहीये." "नाही," मर्व म्हणाला, "पण मी त्याला फार चिडवलं."

ईडी आतून ऐकत होती.

१६ नोव्हेंबर, रविवार

ईडी बसने एकटीच इस्पितळात जाऊन आली. मला ये म्हणाली नव्हती. मीही विचारलं नाही. आल्यावर तिने हात धुतले, बटाटे सोलले.

"कसा आहे?"

"डाव्या हाताने अक्षरं काढतोय. पहिलीतल्या मुलासारखी." सोलता सोलता तिने बटाटा खाली ठेवला. "त्याने विचारलं, टॅलिसवर उगवलं का."

"मग तू काय सांगितलंस?"

"क्लेमला विचारून सांगते म्हटलं."

९ डिसेंबर, मंगळवार

काही उगवलं नाही.

नऊ आठवडे झाले. तीन आठवड्यांत कोंब दिसायला हवे होते. आम्ही गुडघ्यांवर बसून फूट फूट जमीन पाहिली. नेच्याची कोवळी वेटोळी, बाभळीची रोपं, काटेरी गवत. निलगिरी एकही नाही. मिस्टर हॅलोरननी उरलेलं बी मातीच्या ट्रेमध्ये पेरून पाहिलं होतं, तेही नाही. बी चिरून पाहिलं तर आत पांढरं, भरलेलं, निरोगी. "समजत नाही," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "बी जिवंत आहे क्लेम, आणि उठत नाही."

मी म्हटलं, मुंग्यांनी नेलं असेल, कोरड्या वाऱ्याचं वर्ष आहे.

कोट घरी खुंटीला होता. थंडीचे दिवस संपल्यापासून मी तो घातलेला नाही.

१८ जानेवारी १९५३, रविवार

आज चर्चला न जाता एकटा खिंडीत गेलो. दुर्बीण घेतली. आकाश स्वच्छ होतं.

झाडांकडे पाठ करून थोडा वेळ ट्रकपाशी तंबाखू ओढत बसलो. मग वर पाहिलं.

लोकरीसारखी साल बुंध्यापासून वर, वर, नव्वद-शंभर फुटांपर्यंत. त्यानंतर पांढरं खोड. दुर्बिणीची गरजच नव्हती. नुसत्या डोळ्यांनी, रस्त्यावरून, सायकलवरच्या माणसालाही दिसलं असतं. मी एकामागून एक अकरा झाडं पाहिली. मग वाऱ्याने पडलेली डहाळी उचलली. कोवळी काडी लालसर. पानाची बगल, एक झुबका. पुढची बगल, एक. पुढची, एक. बोंड अंगठ्याच्या पेराशी धरलं, अ‍ॅशच्या दीडपट.

मग लंगडत खोल घळीत उतरलो. वाट अजून बंदच आहे, पण माणूस जाऊ शकतो. दोन तास लागले. ओढ्याकाठी खऱ्या अ‍ॅश उभ्या आहेत. बुंध्याला खरबरीत घागरा, वर सगळं उघडं, गुळगुळीत, सालीच्या पट्ट्या वाऱ्यावर एकमेकींवर आपटताहेत. खाली डहाळ्यांचा सडा. प्रत्येक बगलेत दोन झुबके, दोन देठांवर. सगळीकडे दोन.

एकोणतीस वर्षं मी ही झाडं ओळखत आलो ती चालीवरून माणूस ओळखावा तशी. कळी हातात घेऊन कधी पाहिलीच नव्हती. याची लाज वाटायला नको, सगळे लाकूडतोडे असेच ओळखतात. लाज दुसऱ्याच गोष्टीची आहे. सतरा एप्रिलला ऊन पडलं होतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

पाच आठवडे वही उघडली नाही.

आज जेवण झाल्यावर ते पत्र टेबलावर ठेवलं. घड्या पडून मळलेलं. ईडीने लगेच ओळखलं. तिच्याच अक्षरातल्या दोन दुरुस्त्या होत्या त्यात.

तिने ते उलगडून चित्रांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मी त्याला सांगितलं होतं, क्लेमने दिलं. सुरुवातीला दर पत्रात तो विचारायचा, साहेबांचं उत्तर आलं का. मी लिहायचे, क्लेमने दिलं आहे, येईल." पत्राची घडी घालत म्हणाली, "माझ्या हातून खोटं लिहवून घेतलंस तू, आणि दहा महिने ते तसंच ठेवलंस."

मी म्हटलं, तो माझा पाणउतारा करत होता, सगळ्यांदेखत. ती म्हणाली, "त्याने तुला आधी सांगितलं, एकट्याला."

"एकट्याला नाही. मर्व होता."

"आणि गिरणीत का पाठवलंस?"

मी म्हटलं, तिथे माणसं कमी होती.

"क्लेम."

  ती त्याच्याबरोबर हसायची, एवढंच मनात येतं, आणि त्यात वाईट काही नव्हतं हेही मला तेव्हापासून ठाऊक होतं.

तिने अंथरूण शिवणाच्या खोलीत घातलं आहे.

२ मार्च, सोमवार

मिस्टर हॅलोरनकडे गेलो. पत्र दिलं. उभ्यानेच वाचलं त्यांनी. चित्रांपाशी बराच वेळ थांबले.

"जूनमध्ये हे माझ्या हातात असतं," ते म्हणाले, "तर घळीतून नवीन बी आणलं असतं. वाट साफ करायला माझ्याकडे माणसं होती. नाहीतर हेच बी वाळूत घालून थंड केलं असतं, काहीतरी उगवलं असतं."

"आता?"

त्यांनी खिडकीकडे बोट केलं. टॅलिस तिथून दिसतो. हिरवागार. नेचा कमरेएवढा, बाभूळ त्याच्या वर. "आता बी टाकलं तर जमिनीला लागणारसुद्धा नाही. हा डोंगर झुडपांचा झाला, क्लेम. माझ्या हयातीत आणि तुझ्याही."

मी म्हटलं, अहवालात माझं नाव घाला. ते म्हणाले, अहवाल डिसेंबरातच गेला, कोरडा वारा आणि मुंग्या. "तूच सांगितलं होतंस." मग टेबलावरचे कागद नीट करत म्हणाले, "यापुढे बी गोळा करायला मी दुसरा माणूस नेमेन. तुला कळेल, का ते."

मुकादमी ठेवली आहे. रस्त्यांची.

२६ एप्रिल, रविवार

आज शहरात जाऊन त्याला भेटलो.

ईडीकडे पत्ता होता. तिने तो लिहून दिला, स्वतः आली नाही. भाड्याच्या खोल्यांचं घर, रेल्वेपुलाच्या पलीकडे. अपघातानंतर करार रद्द झाला, आता त्याला रोपवाटिकेत काम मिळालं आहे, कुंड्यांवर नावं लिहिण्याचं. घरमालकिणीने विचारलं कोण हवंय. मी म्हटलं, "मिस्टर स्ट्राउटमानिस." हे नाव माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. दोनदा अडखळलो.

खोलीत एक खाट, एक टेबल. त्याने खुर्ची मला दिली, आपण खाटेवर बसला. उजवा हात मांडीवर, त्यावर डावा. त्याने चहा केला. मी उठलो तर म्हणाला, "बसा, हे माझे काम आहे." टोमणा होता की नाही, कळलं नाही. चहा चांगला होता.

मी सगळं सांगितलं. धुकं, दुर्बीण, ऊन, पत्र, गिरणी. ट्रेनमध्ये शब्द जुळवले होते, त्यातला एक उपयोगी पडला नाही. त्याने मधे एकदाही थांबवलं नाही.

"मला माहीत होते," तो म्हणाला.

"ईडीने सांगितलं?"

"नाही. मिस्टर हॅलोरन प्रामाणिक गृहस्थ आहेत. त्यांना पत्र मिळाले असते, तर ते रागावून का होईना, आले असते. ते आले नाहीत. जूनमध्येच मला समजले."

"मग दुसरं पत्र का नाही लिहिलंत तुम्ही? टपालाने?"

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "मुकादमाच्या विरुद्ध लिहिणारा निर्वासित. करार मोडला असता, तर मला परत छावणीत पाठवले असते. मला काम हवे होते, मिस्टर वॉरड्रॉप. मी भ्यालो. त्या डोंगराचा थोडा दोष माझ्याकडेही आहे."

मी म्हटलं, नाही, तुमच्याकडे काही नाही. तो म्हणाला, "ते तुम्ही ठरवू नका." पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. पुन्हा खाली आला.

हाताबद्दल मी बोलायला लागलो, तेव्हा त्याने मान हलवली. नको. मला माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि केलं नाही असंही नाही. मीही विचारायचं धाडस केलं नाही.

निघताना दाराशी त्याने विचारलं, "मिसेस वॉरड्रॉप आता कोणाला शिकवतात?"

"कुणाला नाही. कुणाला शिकवणार तिथे?"

"गिरणीत आम्ही नऊ जण होतो. लाटवियाचे, पोलंडचे, दोन युक्रेनचे. बाकी एकालाही इंग्रजीत पत्र लिहिता येत नव्हते." त्याने डाव्या हाताने दार उघडलं. "मी चौदा वर्षे शिक्षक होतो. चांगले शिक्षक मला ओळखता येतात. त्या फार चांगल्या शिक्षिका आहेत. तुम्हाला हे माहीत होते का?"

मी हो म्हणालो. जिना उतरताना लक्षात आलं की हे खोटं आहे.

२७ एप्रिल, सोमवार

काल घरी पोचलो तेव्हा ईडी शिवणाच्या खोलीत गेली होती, दार लोटलेलं. सकाळी न्याहारीला बसल्यावर तिने विचारलं, "काय म्हणाले?"

मी जेवढं आठवलं तेवढं सांगितलं. त्यांना जूनमध्येच कळलं होतं, हेही. ते भ्याले होते, हेही. ती ऐकत पावाला लोणी लावत होती. शेवटी म्हटलं, "ते म्हणाले, तू फार चांगली शिक्षिका आहेस."

तिची सुरी थांबली.

"आणि गिरणीत आणखी आठ जण आहेत, म्हणाले, पत्रं लिहिता न येणारे. मी तुला रविवारी ट्रकने नेऊ शकतो. तू शिकव, मी बाहेर थांबेन."

मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. तिने सुरी बशीच्या कडेला ठेवली. मग म्हणाली, "लग्नाला सव्वीस वर्षं झाली, क्लेम. तुला हे दुसऱ्याने सांगावं लागलं."

मी म्हटलं, हो.

ती उठली, बशा उचलल्या. माझ्या बशीत अर्धा पाव होता, तोही गेला. नळाखाली बशी धरून, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "रविवारी साडेआठला निघावं लागेल. एकोणीस मैल आहेत."